ट्रिगरचा दोष

६ जानेवारी

रायफल आज मिस्त्रींच्या हवाली करून आले. कपाटाशेजारची तिची जागा रिकामी दिसतेय आणि मला उगाच चुकल्यासारखं होतंय. मास्तर म्हणाला, "माहेरी गेलीय असं समज, येईल परत." माझा नवरा गणित शिकवतो, पण विनोद भाषेच्या मास्तरांसारखे करतो.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करायचे. आता क्लबातल्या सगळ्यांच्या रायफलींचे ट्रिगर त्यांच्याच हातून जातात. डोळ्याला भिंग, नखांत काळं तेल, बोलणं मोजकं. मी म्हटलं, "ट्रिगर मेलाय माझा. भिंतच लागत नाही."

भिंत म्हणजे काय ते मास्तरला मी शंभरदा समजावलंय. ट्रिगरवर बोट टेकवलं की तो आधी अलगद मागे येतो. मग एक बारीक अडथळा लागतो, ती भिंत. तिथे थांबायचं, नेम स्थिर करायचा, आणि मग केसभर दाब दिला की गोळी सुटते. सगळा खेळ त्या थांबण्याचा. भिंत कळली नाही तर थांबणार कुठे?

मिस्त्रींनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, ती शिकंज्यात धरली आणि डोळे मिटून दहा-बारा वेळा ट्रिगर ओढून पाहिला.

"बाई, भिंत आहे की. चांगली ठणठणीत आहे."

"मला लागत नाही."

"कधीपासून?"

"जून-जुलैपासून असेल."

त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या हाताकडे. मग म्हणाले, "करून देतो. आतल्या पोलादी कडा घासून गुळगुळीत करतो, स्प्रिंग हलकी टाकतो. पण आधीच सांगतो, हलका ट्रिगर म्हणजे लाडावलेलं पोर. नुसता स्पर्श झाला तरी किंचाळतं."

नेमबाजीची निवड चाचणी आठ मार्चला. सेहेचाळिसाव्या वर्षी ही बहुधा शेवटचीच. लाडावलेलं तर लाडावलेलं, मला ते हवंय.

९ जानेवारी

लॅबमध्ये आज वाईट दिवस. एका आजोबांची शीर दोरीसारखी वर आलेली, आंधळ्यालाही सापडावी अशी, आणि मी दोनदा सुई घालूनही चुकले. सतरा वर्षं रक्त काढतेय. शीर मी डोळ्यांनी शोधत नाही, बोटाने शोधते. हाताखाली ती लवते, परत वर येते, ते कळतं. आजोबा म्हणाले, "राहू द्या बाई, मला सवय आहे." त्याची जास्त लाज वाटली.

हातमोजे नवीन आलेत, जाड आहेत. लॅबच्या मॅडमना तसं सांगितलं. त्यांनी एक जोडी घालून पाहिली, बोटं मिटली-उघडली आणि म्हणाल्या, "मला तर जुन्यापेक्षा पातळ वाटताहेत." त्या दिवसभर खुर्चीत बसतात, त्यांना काय कळणार.

ताईचा फोन आला होता. पहिलाच प्रश्न, "हात कसा आहे?" म्हटलं, कुठला हात? "मागे म्हणाली होतीस ना, मुंग्या येतात." कधी म्हणाले होते कोण जाणे. सकाळी उठताना येतात थोड्या, पण तो हात झोपेत माझ्याच अंगाखाली जातो म्हणून. ताईला सांगितलं, हात हातासारखा आहे. तिने विषय बदलला. ताईचं असं विषय बदलणं मला आवडत नाही.

१४ जानेवारी

रायफल आली!

मिस्त्रींनी सगळं करून दाखवलं. ट्रिगरला बारीक वजनं टांगली. आधी एकशेतीस ग्रॅमला सुटायचा, आता सत्तरला सुटतो. मग रिकाम्या रायफलीचा बोल्ट ओढून ती डागायला सज्ज केली आणि तिला रबरी हातोडीने चारी बाजूंनी ठोकलं. सुटला नाही. "म्हणजे धक्क्याने सुटायचा नाही," ते म्हणाले. "सुटला तर बोटानेच सुटेल." एका वहीत हे सगळं लिहून त्यांनी माझी सही घेतली. सही जरा वेडीवाकडी आली, टेबल हलत होतं.

"आता ओढून बघा. लागली भिंत?"

मी ओढून पाहिला. "लागली," म्हटलं.

लागली असं वाटलं. लागली असणार. आठवडाभर खपून माणूस समोर उभा असताना आणखी काय म्हणायचं?

१७ जानेवारी

पहिला सराव. दहातल्या तीन गोळ्या मी सोडायच्या आधीच सुटल्या. नेम अजून काळ्या वर्तुळाकडे उतरतोय आणि तोवर धाडकन! कानाशी कुणी फुगा फोडावा तसं दचकायला झालं. तिसऱ्या वेळी तर तोंडातून अपशब्दही गेला. शेजारच्या लेनमधली बँकवाली हसली. ती बँकेत कॅशिअर आहे, गेल्या वर्षीच क्लबात आली, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. म्हणाली, "ताई, आज रायफलच तुम्हाला शिकवतेय वाटतं."

सर मागे उभे होते. क्लबाचे सेक्रेटरीही तेच आणि शिकवणारेही तेच. म्हणाले, "बोट लवकर आत जातंय तुमचं."

"नाही जात."

"मी बघतोय ना."

"सर, वीस वर्षं झाली. बोट कुठे आहे ते मला कळतं."

ते पुढच्या लेनकडे वळले. ट्रिगर जरा जास्तच हलका झालाय, एवढंच आहे हे. सवय होईल.

२१ जानेवारी

मास्तरने माझ्या तर्जनीवरचा फोड पाहिला. चांगला मोठा, पाणी भरलेला.

"हे कधी भाजलं?"

"सकाळी दूध उतरवताना असेल."

"असेल म्हणजे? तुला कळलं नाही?"

"कामाच्या गडबडीत कोण लक्ष देतं!" मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. गणिताच्या माणसाला उत्तर जुळलं नाही की तो पायऱ्या तपासायला लागतो. मी विषय बदलला.

सकाळी लॅबमध्ये एप्रनची वरची गुंडी लागेना. शेवटी उघडीच ठेवली. गुंड्यांबद्दल मला लिहायचं नाही.

हे पेनही बदलायला हवं. अक्षर माझं वाटत नाही.

२८ जानेवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

उभ्याने सराव चालला होता. मी गोळी भरली, बोल्ट लावला आणि रायफल खांद्याला आणत होते. नळी अजून डावीकडे होती. बोट ट्रिगरवर नव्हतं. तेवढ्यात गोळी सुटली. दोन लेनच्या मधल्या फळीच्या कडेवर लागली, लाकूड फुटलं आणि पलीकडून किंकाळी आली.

बँकवाली गालावर हात धरून खाली बसली होती. बोटांमधून रक्त. सर ओरडले, "सगळ्यांनी रायफली खाली! कुणी हात लावायचा नाही!" मी तिच्याकडे धावले. सतरा वर्षं रक्तच पाहतेय, पण त्या वेळी तिचा हात बाजूला करायचं धाडस होईना. तिनेच केला. फळीची चपटी ढलपी डोळ्याखाली दोन बोटांच्या अंतरावर घुसली होती. डोळा शाबूत होता. दोन बोटं वर लागली असती तर...

दवाखान्यात तीन टाके पडले. ती मलाच म्हणत होती, "ताई, तुम्ही रडू नका."

सरांनी एकच विचारलं. "बोट ट्रिगरवर होतं का?"

"नव्हतं, सर. शपथ घेऊन सांगते."

आणि ते खरं आहे. ट्रिगर आपोआप सुटला. मिस्त्रींनी कडा जास्त घासल्या. दुसरं काय असणार?

२९ जानेवारी

क्लबाकडे लेखी तक्रार दिली. तीनदा लिहिली. पहिल्या दोन फाडल्या, अक्षर लागत नव्हतं. "मिस्त्रींनी केलेल्या कामामुळे ट्रिगर असुरक्षित झाला असून स्पर्शाविना गोळी सुटते." सरांनी वाचली, चष्मा काढला, परत घातला आणि पुन्हा वाचली. मग नोटीस बोर्डावर लावली आणि खाली लिहिलं की चौकशी होईपर्यंत या कारागिराकडे काम देऊ नये. रायफल क्लबाच्या कपाटात कुलपात.

दिवसभर सुटल्यासारखं वाटलं. दोष सापडला, त्याला नाव मिळालं. मास्तरला म्हटलं, "बघ, हेच होतं." तो म्हणाला, "मिस्त्रींशी बोललीस का?" मी म्हटलं, बोलायचं काय त्यात?

२ फेब्रुवारी

मिस्त्रींच्या दुकानावरून जायचं टाळते, पण आज रस्ता खणलेला होता. दार उघडं होतं. बाकावर एकही रायफल नव्हती. एरवी तीन-चार तरी असतात. ते रिकाम्या बाकासमोर बसून एक जुनं घड्याळ पुसत होते. मी मान खाली घातली आणि भरभर निघाले. त्यांनी पाहिलं की नाही माहीत नाही. पाहिलं असावं.

लॅबमध्ये बँकवालीची आठवण येत राहिली. आता फळी नव्हती, रायफल नव्हती, तरी रुग्णाच्या कोपराजवळ सुई नेताना मला धडकी भरत होती.

३ फेब्रुवारी

आज जे झालं ते कुणालाच सांगितलेलं नाही.

एका बाईंचं रक्त काढून झालं. कापूस दिला, नळीवर चिठ्ठी लावली. हातमोजा काढताना पाहते तर आत तर्जनी लाल. सुई माझ्या बोटात गेली होती. कधी गेली? रक्त पाहिलं तेव्हा कळलं. टोचलेलं कळलं नाही.

नळाखाली हात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. नियमाप्रमाणे नोंदवहीत लिहिलं, माझं आणि त्या बाईंचं रक्त तपासायला दिलं. 'कसं घडलं' या रकान्यात लिहिलं, "रुग्णाने हात हलवला. किंचित टोचल्याचे तत्काळ जाणवले." हे वाक्य लिहिताना मला घाम फुटला. आजाराच्या भीतीने नाही. त्या बाईंच्या तपासण्या स्वच्छ आल्या संध्याकाळी. तरी घाम थांबला नाही.

हातमोजे. जाड हातमोजे. बास.

४ फेब्रुवारी

ताईचा फोन. उचलला नाही. तीनदा आला.

आई एक्कावन्न वर्षांची होती. आधी गुंड्या लागेनात. मग चमचा. मग पाय. ताईने लग्न पुढे ढकललं, मग मोडलंच. सात वर्षं. शेवटच्या वर्षी आईला स्वतःच्या गालावरची माशी उडवता येत नव्हती, आणि ती डोळ्यांनी माझ्याकडे बघायची. मी तेव्हा नोकरीला लागले होते. मी कमी यायचे. कमी यायचे, कारण मला बघवत नव्हतं.

हे मी का लिहितेय? चौकशी परवा आहे. झोप काढायला हवी.

६ फेब्रुवारी

क्लबाची खोली. सर, समितीचे दोघे, मी. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून आले होते, हातात ती वही आणि वजनांची पेटी. माझ्याकडे न बघता नमस्कार केला.

रायफल कुलपातून काढली. मिस्त्रींनी ती सगळ्यांना रिकामी दाखवली. वजनं टांगली, सत्तर ग्रॅम. पुन्हा टांगली, सत्तर. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. मग हातोडी सरांच्या हातात दिली. "तुम्ही ठोका. मी ठोकलं तर म्हणाल, हळू ठोकलं." सरांनी ठोकलं. समितीतल्या एकाने तर इतक्या जोरात ठोकलं की मिस्त्रींचे डोळे बारीक झाले. ट्रिगर हलला नाही.

"स्पर्शाविना सुटतो असं लिहिलंय," मिस्त्री म्हणाले. "बाईंनी एकदा माझ्यासमोर बसावं."

मला नाही म्हणायचं होतं. पण का, ते सांगता आलं नसतं.

त्यांनी रायफल टेबलावर ठेवली. "बोट ट्रिगरच्या पुढ्यात ठेवा, टेकवू नका. डोळे मिटा. मी रायफल हळूहळू सरकवतो. ट्रिगर बोटाला लागला की 'लागला' म्हणायचं. एवढंच."

मी डोळे मिटले. खोलीत पंख्याचा आवाज. कुणीतरी खाकरलं. मी वाट पाहत होते. मनात म्हणत होते, अजून सरकवत नाहीत, मुद्दाम ताटकळत ठेवताहेत. आणि खट् असा आवाज आला.

डोळे उघडले. ट्रिगर माझ्या बोटावर पूर्ण मागे दाबला गेला होता. बोटाच्या टोकाला पांढरा वळ होता. मी एक शब्दही बोलले नव्हते.

मिस्त्रींनी रायफल बाजूला केली आणि इतक्या हळू बोलले की बाकीच्यांना ऐकू गेलं नसेल. "जानेवारीतच मला शंका आली होती, बाई. तेव्हा बोलायला हवं होतं मी. डॉक्टरांकडे जा."

मी म्हटलं, "थंडी आहे ना, बोटं गारठलीत." आणि उठून बाहेर आले. खोलीत पंखा चालू होता.

७ फेब्रुवारी

सकाळी मास्तर शाळेत जायला निघाला होता. चपला घालत होता. मी म्हटलं, "मला हाताने कळत नाही. उजव्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. जूनपासून."

तो एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला. मग दुसरी चप्पल न घालताच आत आला आणि शाळेत फोन करून सांगितलं की आज येत नाही. बावीस वर्षांत त्याने कधी असं केलेलं मी पाहिलं नाही.

"आईसारखं?" त्याने विचारलं.

हे दोन शब्द कुणी उच्चारू नयेत म्हणून मी आठ महिने काय काय केलं. हातमोजे, पेन, टेबल, थंडी. मिस्त्री. त्याने ते साधेपणाने उच्चारले आणि मी जमिनीवर बसून रडले. तो माझा हात हातात धरून बसला होता. डावा. उजवा धरलेला मला नीट कळला नसता, हे त्याला ठाऊक होतं.

ताईला फोन केला. तिने विचारलं, "मी येऊ?" म्हटलं, ये.

१२ फेब्रुवारी

हातांच्या डॉक्टरांकडे. ताई, मास्तर आणि मी, तिघं एका बाकावर, परीक्षेला बसल्यासारखे. ताईने वाटेत एकदाही हाताबद्दल विचारलं नाही. ती आता विचारत नाही याचीच मला भीती वाटत होती.

डॉक्टरांनी मनगट वाकवून धरायला लावलं, कापूस फिरवला, पिनेने टोचलं. अंगठ्याच्या मुळाशी दाबून म्हणाले, "इथलं मांस उतरलंय, पाहिलं नाही का?" पाहिलं होतं. रोज पाहत होते. मग मशीनवर हातातून विजेचे झटके देऊन तपासणी. काही झटके लागले, काही लागले नाहीत. न लागलेले मी मोजत होते. अकरा.

आईचं सगळं सांगितलं. ताईनेच सांगितलं, वर्षांसकट. ते ऐकताना डॉक्टर लिहीत नव्हते, हे मी पाहिलं, आणि वाटलं, संपलं. लिहायचीही गरज नाही.

ते म्हणाले, "उद्या रिपोर्ट हातात घेऊन बोलू."

आजचा दिवस कसा काढायचा ते कुणी सांगत नाही.

१३ फेब्रुवारी

आईचा आजार नाही.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आईंच्या दुखण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. मनगटातून जाणारी नस दाबली गेलीय. वर्षानुवर्षं सुई धरणं, रायफल धरणं. खूप लोकांना होतं." ताईने तोंडावर पदर धरला. मास्तरने खिशातून रुमाल काढला आणि स्वतःचंच नाक पुसलं. मला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही.

मग डॉक्टरांनी विचारलं, "मुंग्या कधी सुरू झाल्या?"

"जूनमध्ये."

त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. "तेव्हा आला असतात, तर बहुतेक नुसता पट्टा बांधून भागलं असतं. आता छोटी शस्त्रक्रिया करू. पुढे वाढायचं थांबेल. पण जे गेलंय त्यातलं किती परत येईल, सांगता येत नाही. सगळं येईल असं मी म्हणणार नाही."

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "अगं वेडे, एका फोनचं काम होतं." मी म्हटलं, "तू 'तेच आहे' म्हणाली असतीस तर?" ती म्हणाली, "तरी फोनच करायचा असतो."

ज्या गोष्टीला घाबरून मी गेले नाही, ती नव्हतीच. जी होती, ती मी न गेल्यामुळे वाढली. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं. आता राहू दे.

१५ फेब्रुवारी

सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. नोंदवहीतलं खोटंही. त्यांनी माझ्या हातून दोनदा-तीनदा टोचले गेलेल्या रुग्णांचा हिशेब काढला. जानेवारीपासून एकोणतीस. त्या ओरडल्या नाहीत. सुईचं काम काढून घेतलं आणि मला नमुने नोंदवायला बसवलं. उद्यापासून माझ्या खुर्चीत दुसरी.

दुपारी मिस्त्रींकडे. बाकावर अजून तेच घड्याळ. मी म्हटलं, "माफी मागायला आलेय."

"माफी नको मला," ते म्हणाले. "पाच रायफली परत गेल्या माझ्याकडून. एक जण तर दारातूनच म्हणाला, माणूस मारायचा होता का? कागदावर लिहा. सही करा. आणि जिथे तक्रार लावली, तिथेच लावा."

त्यांच्याच बाकावर बसून लिहिलं. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही लिहिलं. त्यांनी भिंग लावून कागद वाचला, जसा ट्रिगर पाहतात तसा, इंचाइंचाने. एका जागी बोट ठेवलं. "इथे तुम्ही लिहिलंय, ट्रिगरमध्ये दोष आढळला नाही."

"हो."

"'आढळला नाही' नको. 'नव्हता' लिहा."

मी खोडून 'नव्हता' लिहिलं. त्यांनी चहा विचारला नाही. दारापर्यंत मात्र आले. म्हणाले, "ऑपरेशन लवकर करून घ्या."

कागद बोर्डावर लावताना टाचणी बोटांत धरता येईना. सरांनी लावून दिली.

२४ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितेय. काल झालं. वीस मिनिटं. हिरव्या पडद्याआड माझा हात काय करतोय ते दिसत नव्हतं, कळतही नव्हतं. पट्टी मोठी. भीती अजून आहे, पण आता तिला जागा ठरलेली आहे. मनगटात, एवढीशी.

८ मार्च

आज चाचणी. मी गेले नाही. मास्तरने दिवसभर घरातले सगळे बल्ब पुसले, एकेक काढून. मी त्याला हातात देत होते.

११ मार्च

टाके निघाले. अंगठ्याला थोडं कळतंय. तर्जनीला नाही. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वाट पाहा, त्यानंतर जे असेल ते तुमचं.

क्लबात गेले होते. लायसनच्या कागदांवर सही करायची होती, रायफल तिथेच कुलपात राहणार म्हणून. बँकवाली होती. गालावर लालसर रेघ, डोळ्याखाली दोन बोटं. अपघातानंतर मी तिला फळं नेऊन दिली होती, पण बोलले नव्हते. बोर्डावरचा कागद तिने वाचला होता.

ती म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं का, बोटाला कळत नाही ते?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. शपथ घेतली होती तेव्हाही ते मला खरंच वाटत होतं. पण भाजलेलं बोट मी पाहिलं होतं. गुंडी लागली नव्हती. मिस्त्रींना 'लागली' म्हणाले होते.

"माहीत होतं," मी म्हटलं. "माहीत करून घ्यायचं नव्हतं, पण होतं."

तिने डोळे खाली वळवले. मग म्हणाली, "परत कधी आलात, तर मी तुमच्या शेजारच्या लेनमध्ये उभी राहणार नाही. राग नका मानू."

"बरोबर आहे तुमचं."

तिने हातमोजा चढवला, जायला निघाली, आणि परत वळली. "माझी मुलगी रोज विचारते. आरशात माझा गाल बघते आणि विचारते, त्या बाईंना तुझा राग आला होता का? सहा वर्षांची आहे. मी तिला काय सांगू, तेच कळत नाही."

मी म्हटलं, "सांगा, त्या बाई घाबरल्या होत्या."

"कशाला?"

"एवढंच सांगा. तिला कळेल."

बँकवालीने मान हलवली आणि आपल्या लेनकडे गेली. मी सही केली. डाव्या हाताने.